ऑफिस घरी आलं, कुलूप तिकडंच राहिलं

साताऱ्याला भाचीकडं गेलो की मी तिच्या कामाच्या टेबलाशी थोडा वेळ बसतो. टेबल म्हणजे तिच्या सासूबाईंचं जुनं शिलाई मशीन. झाकण लावलं की वर लॅपटॉप बरोबर मावतो. शेजारी मुलाची चित्रकलेची वही, पाण्याची बाटली, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. इथं बसून ती रोज नऊ-दहा तास पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. परदेशातल्या विमाधारकांचे दावे तपासायचे, कागद जुळवायचे आणि पुढं पाठवायचे. शिलाई मशीनवरच्या त्या पडद्यावरून हजारो अनोळखी माणसांची नावं, जन्मतारखा, आजारपणं जात-येत असतात.

मागच्या उन्हाळ्यात तिचं इंटरनेट सारखं तुटत होतं, म्हणून आम्ही दोघं राउटर बघायला बसलो. राउटर टीव्हीच्या शोकेसवर, गणपतीच्या मूर्तीमागं. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला. त्यानं नाव विचारलं, मी 'अ‍ॅडमिन' लिहिलं. पासवर्डच्या जागीही 'अ‍ॅडमिन'च लिहिलं. सरळ आत शिरलो. चार वर्षांपूर्वी जोडणीला आलेल्या मुलानं जे ठेवलं होतं ते तसंच होतं. वायफायचा पासवर्ड म्हणजे तिच्या सासऱ्यांचा मोबाइल नंबर, आणि तो शेजारच्या दोन घरांना तोंडपाठ. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अकरा नावं होती. त्यातली चार कुणाची, ते तिला सांगता येईना.

"मामा, ऑफिसमध्ये आम्हाला मोबाइलसुद्धा फ्लोअरवर नेता यायचा नाही," ती म्हणाली. "लॉकरमध्ये ठेवायला लागायचा. कागद-पेन न्यायचं नाही, पेनड्राइव्ह तर विसराच. दारावर कार्ड, कार्डानंतर बोटाचा ठसा."

ते दार, तो पहारेकरी, ते लॉकर पुण्यातच राहिलं. काम तेवढं साताऱ्याला आलं. भाची हलगर्जी नाही. कंपनीनं दिलेलं व्हीपीएन ती रोज इमानानं चालू करते. तिला राउटरबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, एवढंच.

एक गोष्ट तिलाही सांगितली आणि इथंही सांगतो, उगाच घाबरायला नको म्हणून. व्हीपीएन म्हणजे घरापासून कंपनीपर्यंतचं एक बंदिस्त भुयार. ते चालू असताना राउटरमधून जाणारा मजकूर शेजाऱ्याला वाचता येत नाही. पण राउटर दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर तो तुम्ही टाकलेल्या पत्त्याऐवजी भलत्याच पत्त्यावर नेऊन सोडू शकतो. आणि भुयाराच्या अलीकडच्या टोकाला जो लॅपटॉप आहे त्याच्यातच कुणी बसलं असेल, तर तो चोर त्याच भुयारातून सरळ कंपनीत पोचतो. घरून काम करणाऱ्यांच्या सुरक्षेची गाठ इथं आहे. भुयार कितीही मजबूत केलं तरी त्याचं एक तोंड कुणाच्या तरी स्वयंपाकघराशेजारी उघडतं.

काम असं घरी आलं ते २०२०च्या मार्चमध्ये, काही दिवसांत. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. त्याआधीच पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या इमारती रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. लॅपटॉप पुरेनात, म्हणून डेस्कटॉप टेम्पोत घालून लोकांच्या घरी पोचवले गेले. कॉल सेंटर आणि त्यासारख्या कंपन्यांना माणसं घरी बसवायची तर दूरसंचार विभागाच्या अनामत रकमेसह कडक अटी होत्या. त्या त्याच महिन्यात शिथिल झाल्या आणि नोव्हेंबर २०२०मध्ये बहुतेक कायमच्याच गेल्या. तो निर्णय योग्यच होता. त्यामुळं लाखो नोकऱ्या वाचल्या, आणि माझ्या भाचीसारख्या कितीतरी बायका बाळंतपणानंतरही कामावर टिकल्या. पण अटी गेल्या तेव्हा त्यांच्या जागी घराच्या सुरक्षेचा विचार यायला हवा होता. तो आला नाही, किंवा फार उशिरा आला.

धडा मात्र लगेच मिळाला. टाळेबंदीला महिनाही झाला नव्हता, तोच १८ एप्रिल २०२० रोजी कॉग्निझंट या कंपनीनं आपल्यावर 'मेझ' नावाच्या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्याचं जाहीर केलं. या कंपनीचे पुण्यातही हजारो कर्मचारी आहेत. हल्ल्यात ज्या यंत्रणांना झळ बसली त्यात माणसांना घरून कामाला लावण्यासाठी उभी केलेली, लॅपटॉप तयार करून देणारी यंत्रणाही होती. एका तिमाहीत या हल्ल्यापायी ५ ते ७ कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज कंपनीनं स्वतःच दिला.

तीन महिन्यांनी ट्विटरचा प्रकार घडला. १५ जुलै २०२०ला बराक ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क यांच्या खात्यांवरून एकच संदेश झळकला: बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देतो. एकूण १३० खाती लक्ष्य झाली होती. हे कुठल्या तरी देशाच्या हेरखात्याचं काम असणार, असं सुरुवातीला अनेकांना वाटलं. सूत्रधार निघाला फ्लोरिडातला सतरा वर्षांचा मुलगा. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी हत्यार म्हणून साधा फोन वापरला. ट्विटरची माणसं तेव्हा घरून काम करत होती आणि सगळ्यांनाच व्हीपीएनचा त्रास होत होता. यांनी कर्मचाऱ्यांना फोन केले: "आयटी विभागातून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची तक्रार आली आहे, या पानावर लॉगिन करा." पान हुबेहूब कंपनीच्या पानासारखं. कर्मचाऱ्यानं तिथं पासवर्ड टाकला की त्याच क्षणी चोर तो खऱ्या पानावर टाकायचे. मग खऱ्या पानाकडून कर्मचाऱ्याच्या फोनवर खात्रीची सूचना यायची, आणि तो बिचारा तीही मंजूर करायचा. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागानं त्या ऑक्टोबरमध्ये जो चौकशी अहवाल दिला, त्यात हे सगळं नोंदलेलं आहे.

या फोनमध्ये खोटं काय होतं? फक्त बोलणारा माणूस. व्हीपीएनची अडचण खरी होती. आयटीवाल्यांचा फोन येणं रोजचं होतं. ऑफिसमध्ये असता तर त्या कर्मचाऱ्यानं शेजारच्याला विचारलं असतं, "तुलाही आला का रे फोन?" दोघांना एकाच वेळी शंका आली असती. घरी विचारायला शेजारी कुणी नसतं.

असाच एक प्रसंग अगदी जवळून पाहण्यातला आहे. माझ्या एका मित्राचं भोसरीत सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. तीस-बत्तीस माणसं. करोनानंतर हिशेब बघणाऱ्या बाई आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायच्या. एके दिवशी स्टीलच्या सप्लायरची मेल आली: आमचं बँक खातं ऑडिटमुळं थांबवलंय, या वेळचं पेमेंट खालच्या खात्यावर करा. बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खाली सही करणाऱ्याचं नावही बरोबर. बाईंनी ती मेल मोबाइलवर उघडली होती, कारण लॅपटॉपवर मुलाची परीक्षा चालू होती. मोबाइलवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. पूर्ण पत्ता बघायचा तर नावावर बोट ठेवून उघडावा लागतो. नंतर आम्ही तो उघडला. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं तेव्हा कुठं फरक कळला.

पैसे दुपारी साडेतीनला गेले. संध्याकाळी सातच्या सुमारास बाईंना चुकचुकल्यासारखं झालं, म्हणून त्यांनी पत्ता उघडून पाहिला. त्यांना कळलं. आणि त्या रात्रभर गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी साडेदहाला वर्कशॉपवर येऊन, मित्राच्या केबिनच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं. तोवर त्या खात्यातून रक्कम पुढच्या सात खात्यांत गेली होती.

मित्र चांगला माणूस आहे, पण त्या सकाळी तो सगळ्या शॉपसमोर बाईंवर ओरडला. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली. मी त्याला नंतर विचारलं, की ईमेलवरून खातं बदलल्याचं कळलं तर सप्लायरला फोन करून खात्री करायची, असा नियम तू कधी घातला होतास का? नव्हता घातला. ऑफिसात त्या बाई खुर्ची वळवून विचारायच्या, "साहेब, यांचं खातं बदललंय म्हणे, टाकू का?" आणि साहेब म्हणायचे, "थांबा, मी फोन लावतो." तो नियम कुठं लिहिलेला नव्हता, तो त्या खुर्चीत होता. बाई घरी गेल्या तेव्हा नियम भोसरीतच राहिला.

हे फक्त छोट्या धंद्यांत होतं असं कुणी समजू नये. सप्टेंबर २०२२मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावानं संदेश आले, अमुक खात्यांवर तातडीनं पैसे पाठवा म्हणून. १ कोटी १ लाखाहून अधिक रक्कम गेली. संदेश साहेबांचा नव्हताच, हे नंतर उघड झालं. आणि २०२४च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या जगप्रसिद्ध अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं गेलं. कॉलवर कंपनीचे वित्तप्रमुख होते, ओळखीचे सहकारी होते. कर्मचाऱ्याला आधी शंका आली होती, पण चेहरे पाहून ती गेली. त्यानं पंधरा व्यवहारांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवर त्याच्याशिवाय खरं कुणीच नव्हतं. सगळे चेहरे आणि आवाज संगणकानं बनवलेले होते. आता चेहरा ही ओळख उरलेली नाही. मोठ्या रकमेची खात्री करायची तर आपल्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर आपणच उलट फोन लावायचा. दुसरा सोपा मार्ग मला दिसत नाही.

पैशांच्या चोरीत निदान काय गेलं ते कळतं. कंपनीच्या चाव्याच गेल्या तर ते कळायलाही महिने लागतात. लास्टपास ही कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळायचा व्यवसाय करते. एका पासवर्डच्या मागं बाकीचे सगळे कुलूपबंद ठेवायचे, अशी तिची सेवा. २०२२मध्ये चोरांना तिच्या बॅकअपपर्यंत पोचायचं होतं. त्या बॅकअपच्या चाव्या कंपनीत फक्त चार अभियंत्यांकडं होत्या. चोरांनी त्यातला एक गाठला, तोही घरी. त्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे आणि गाणी साठवून बघायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या दोषावरचा उपाय निर्मात्यांनी २०२०च्या मेमध्येच दिला होता. त्यानंतर जवळजवळ ७५ नव्या आवृत्त्या निघाल्या, पण या संगणकावर जुनीच राहिली. त्या फटीतून शिरून चोरांनी टाइप केलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम बसवला. अभियंत्यानं पासवर्ड टाकला, दुसरी खात्रीही केली, आणि कंपनीची तिजोरी चोरांसमोर उघडी झाली.

ही घटना मी भाचीला सांगितली तेव्हा तिनं पहिलं काय केलं असेल, तर मुलाला हाक मारली. तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर त्यानं एक गेम टाकायचा प्रयत्न केला होता. कंपनीनं नवी सॉफ्टवेअर टाकायची मुभाच बंद ठेवली होती म्हणून तो गेला नाही. ती मुभा बंद असल्याचा राग तिलाही आला होता, हे तिनं तेव्हा कबूल केलं.

घरच्यांना दुसरा स्वस्त लॅपटॉप किंवा टॅब घेऊन देणं परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो खर्च कंपनीचा आहे, असं माझं मत आहे. कामाचा संगणक कामाचाच राहायला हवा असेल तर तो कंपनीनं द्यावा, त्यावरची अपडेट कंपनीनंच लांबून करावीत. खात्यांची काळजीही कंपनीनंच घ्यायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन मे २०२१मध्ये बंद पडली. तिथं तर चोर वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून आत आले. पासवर्डशिवाय त्या खात्याला दुसरी कडीच नव्हती. ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजावी लागली. नोकरी सोडून गेलेल्या किंवा विसरलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, या कामाला पैसे लागत नाहीत, यादी लागते.

सगळ्यांत जास्त शिकवणारी घटना मात्र २०२२च्या उन्हाळ्यातली आहे. ती मी सावकाश सांगणार आहे.

त्या जुलैच्या २० तारखेला क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर एका मिनिटाच्या आत एसएमएस आले. काहींच्या घरच्यांच्या फोनवरही आले. मजकूर कामाच्या वेळापत्रकाबद्दल, खाली लिंक. लिंकमध्ये कंपनीचं नाव होतं आणि ती जागा चोरांनी जेमतेम चाळीस मिनिटं आधी नोंदवली होती. त्याच सुमारास ट्विलिओ नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या लोकांनाही असेच एसएमएस गेले: तुमचा पासवर्ड संपलाय, वेळापत्रक बदललंय, इथं लॉगिन करा.

दोन्हीकडं माणसं फसली. क्लाउडफ्लेअरमध्ये तिघांनी नकली पानावर नाव आणि पासवर्ड टाकला. पुढं मात्र फरक पडला. ट्विलिओमध्ये चोर आत पोचले, दोनशेहून अधिक ग्राहक कंपन्यांच्या माहितीला हात लागला. त्यातली एक होती सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप चालवणारी संस्था, आणि तिच्या सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे नंबर उघड्यावर आले. क्लाउडफ्लेअरमध्ये चोर दारातच अडले. तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याकडं पेनड्राइव्हएवढी एक चावी होती.

ही चावी कशी चालते ते समजून घेण्यासारखं आहे. ओटीपी हा शेवटी सहा आकड्यांचा निरोप असतो. तो तुम्ही चोराच्या पानावर टाकला, की चोर तो तीस सेकंदांत खऱ्या पानावर टाकतो. ओटीपीला कळत नाही आपण कुणाच्या हातात पडलोय. चावीचं तसं नाही. पहिल्यांदा नोंदणी करताना ती त्या साइटच्या नेमक्या पत्त्याशी बांधली जाते. पुढं लॉगिनच्या वेळी ब्राउझर चावीला पत्ता सांगतो. पत्ता जुळला तरच ती उत्तर देते. एका अक्षराचा फरक असला तरी ती गप्प राहते, मग समोर बसलेल्या माणसाची कितीही खात्री पटलेली असो. भोसरीच्या बाईंना 'एम' आणि 'आर-एन'मधला फरक दिसला नाही, मलाही दिसला नाही. चावी पान कसं दिसतं ते बघतच नाही, फक्त पत्ता वाचते. गूगलनं आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना २०१७च्या सुरुवातीपासून अशा चाव्या दिल्या. त्यानंतर कामाच्या खात्यासाठी एकही कर्मचारी अशा जाळ्यात फसला नाही, असं कंपनीनं २०१८मध्ये सांगितलं.

एक चावी काही हजार रुपयांना मिळते. तेही नको असेल तर तुमच्या फोनमधली 'पासकी' ही सोय याच तत्त्वावर चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. नुसतं 'मंजूर' बटण दाबायला लावणारी खात्री मात्र पुरी नाही. सप्टेंबर २०२२मध्ये उबरच्या एका कंत्राटी माणसाच्या फोनवर चोरानं मंजुरीच्या सूचनांचा मारा केला. पुन्हा पुन्हा सूचना येत राहिल्या, शेवटी त्यानं एक मंजूर केली. रात्री झोपमोड झाली की आपणही तेच करू.

क्लाउडफ्लेअरनं नंतर सविस्तर हकिगत स्वतःहून प्रसिद्ध केली. जे तिघं फसले त्यांना रागावलं गेलं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आपण सगळी माणसं आहोत, चुका होणारच, त्या लपवल्या जाऊ नयेत हे महत्त्वाचं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मी हे वाचलं तेव्हा मला भोसरीतली ती सकाळ आठवली. बाई संध्याकाळी सातला बोलल्या असत्या तर?

हा 'तर' हवेतला नाही. आपल्याकडं १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथं तक्रार गेली की ती बँकेपर्यंत पोचते आणि चोरांच्या खात्यात पडलेली रक्कम पुढं सरकण्याआधी गोठवता येते. आधी गोठवली की वाचते, उशीर झाला की ती सात खात्यांत फुटते. व्यवसायांसाठी आणखी एक घड्याळ आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं असतं, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर ग्राहकांची माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साताऱ्यातल्या शिलाई मशीनवरून जाणारी माहितीही अशी जपायची गोष्ट आहे.

पण सहा तासांचं घड्याळ मालकाला कळेल तेव्हा चालू होणार. मालकाला कळायला हवं तर नोकराला बोलायची हिंमत हवी. संध्याकाळी सातला, घरी एकटं बसलेल्या माणसाला, नोकरी जाईल ही भीती वाटत असताना.

इथं मला घरून काम करणाऱ्यांवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायलाच हवं. माउस किती वेळा हलला, दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो, कॅमेऱ्यासमोर चेहरा आहे की नाही. हे सगळं काही कंपन्या 'सिक्युरिटी' या नावाखाली बसवतात. मी याच्या विरोधात आहे. ज्या माणसाला सतत आपल्यावर नजर आहे असं वाटतं, तो चूक झाल्यावर फोन करत नाही, ती झाकतो. शिवाय ग्राहकांच्या माहितीसकट पडद्याचे हजारो फोटो एका जागी साठवणं म्हणजे चोरासाठी आणखी एक तिजोरी भरून ठेवणं.

पाळत ठेवून अट्टल चोर सापडतात असंही नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका महिलेच्या घरातून नव्वदहून अधिक लॅपटॉप जप्त झाले. या जाळ्यातली माणसं तीनशेहून अधिक कंपन्यांत 'घरून काम' करत होती. ती मंडळी प्रत्यक्षात उत्तर कोरियाची, दुसऱ्यांच्या ओळखीवर नोकरीला लागलेली. लॅपटॉप अ‍ॅरिझोनात चालू असल्यानं कंपन्यांना वाटायचं माणूस अमेरिकेतच बसलाय. २०२५च्या जुलैमध्ये त्या महिलेला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. तिथं माउस नीट हलत होता. नेमणुकीच्या वेळी माणूस प्रत्यक्ष भेटला नव्हता.

"मग सगळ्यांना परत ऑफिसात बोलवा," असं मित्र म्हणाला. त्यालाही मी पुण्याचंच उदाहरण दिलं. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ला कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी नोटा काढल्या गेल्या. तेव्हा घरून काम ही गोष्ट कुणाच्या डोक्यातही नव्हती. बँकेच्या भिंती जाग्यावर होत्या, पहारेकरी दारात होता. भिंतीच्या आत जो आहे तो आपला, हे गृहीतच मुळात चुकीचं आहे. जॉन किंडरवॅग या विश्लेषकानं २०१०मध्ये त्यावर बोट ठेवलं आणि 'झिरो ट्रस्ट' ही कल्पना मांडली. ऑफिसात असो वा साताऱ्यात, प्रत्येक वेळी ओळख पटवा, यंत्र निरोगी आहे का बघा, आणि ज्याला जेवढं लागतं तेवढंच दार उघडा. भाचीला दावे तपासायला दाव्यांची यादी लागते, कंपनीचं पगारपत्रक लागत नाही. तेवढं वेगळं ठेवलं, तर तिचा लॅपटॉप उद्या कुणाच्या हाती पडला तरी नुकसान एका खोलीपुरतं राहील.

मित्रानं आता नियम लिहून घेतलेत, एका पानाचे. खातं बदलल्याची सूचना कुठल्याही मार्गानं आली तरी जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे नाहीत. पन्नास हजारांवरच्या पेमेंटला दोघांची मंजुरी. हिशेबाची एक प्रत रोज रात्री वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवायची. हिशेबाच्या दोन्ही लॅपटॉपना चावी. साताऱ्यात भाचीनं राउटरचा पासवर्ड बदलला, त्याचं सॉफ्टवेअर नवं केलं, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं. या तिन्ही कामांना मिळून एक दुपार लागली. तिच्या कंपनीनं ती दुपार प्रत्येक कर्मचाऱ्याला पगारी द्यायला हवी होती.

ज्या बाईंनी नोकरी सोडली त्यांना मित्रानं गणपतीत फोन केला होता. त्या परत आल्या नाहीत. चाकणला दुसरीकडं लागल्या आहेत.

हे वाचणाऱ्यांत कारखानदार असतील, सीए असतील, दवाखाने आणि क्लास चालवणारे असतील. तुमचं एक जरी माणूस घरून काम करत असेल तर त्याला या दिवाळीत फराळासोबत एक चावी द्या. आणि फोन करून एवढं सांगा, की चुकून लिंक दाबली गेली, पैसे गेले, काही विचित्र दिसलं, तर पहिला फोन १९३०ला, दुसरा मला. रात्री दोन वाजले असले तरी कर. मी ओरडणार नाही.